वहिनींचा वानप्रस्थ

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभींच गृहस्थानें घर केव्हां सोडावें याची खूण सांगितली आहे. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याचें अपत्य दृष्टीस पडलें म्हणजे त्यानें अरण्याची वाट धरावी. लागलीच पुढच्या श्लोकांत पत्नीची व्यवस्था आहे. तिला मुलांच्या स्वाधीन करावें, नाहीं तर बरोबर न्यावें. हे श्लोक आमच्या वडिलांच्या पिढीनें पाठ केले, आमच्या पिढीनें पुस्तकांत वाचले. परंतु पत्नीलाच जावेंसें वाटलें तर काय करावें, हा प्रश्न कोणीं विचारल्याचें माझ्या ऐकिवांत नव्हतें. २०२५ सालच्या ज्येष्ठ महिन्यांत तो आमच्या घरांत विचारला गेला, आणि विचारणाऱ्या आमच्या वहिनी होत्या.

आमचें घर चौदा माणसांचें. थोरले बंधू निवर्तल्याला नऊ वर्षें झालीं होतीं. तेव्हांपासून घरचा वडीलपणा वहिनींकडे आला असें म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो त्यापूर्वींही त्यांच्याकडेच होता. एकोणिसाव्या वर्षीं त्या या घरांत आल्या आणि यात्रेला निघाल्या तेव्हां त्यांना एकाहत्तरावें चालू होतें. मधल्या बावन्न वर्षांत सात बाळंतपणें, तीन वडील माणसांचीं शेवटचीं आजारपणें, मुंजी, लग्नें, श्राद्धपक्ष, आणि या सर्वांच्या पोटांत बसणाऱ्या रोजच्या दोन वेळा, हें सारें त्यांच्या हातून निघालें. वर्षाचा गोडा मसाला, मेतकूट, लोणचीं यांचीं प्रमाणें कोठें लिहिलेलीं नव्हतीं. तीं वहिनींच्या बोटांत होतीं. त्यांच्यावांचून आमचें पान हलत नाहीं असें आम्ही सर्वजण मोठ्या अभिमानानें चारचौघांत सांगत असूं. या वाक्यांत प्रेम किती आणि सोय किती हें निवडून काढणें कठीण आहे.

यात्रेचा बेत मात्र साधा होता. मी, माझी पत्नी आणि वहिनी अशीं तिघें हरिद्वार, हृषीकेश, उत्तरकाशी करून गंगोत्रीस गंगादशहरा गांठणार, आणि तीन आठवड्यांत परत येणार.

हरिद्वारास पहिलें काम तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहण्याचें. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या या लांबट वह्यांत प्रांत, गांव, कुळ अशा क्रमानें यात्रेकरूंच्या नोंदी असतात. आमच्या पणजोबांची नोंद अर्ध्या तासांत निघाली. मोडी अक्षर, खालीं सही, बंधूंचीं आणि मुलांचीं नांवें. स्त्रियांविषयीं 'सपत्नीक' एवढा एकच शब्द. पणजीचें नांव घरांत कोणालाच ठाऊक नाहीं. तें येथें तरी मिळेल अशी वहिनींस आशा होती. आमची नोंद घालतांना उपाध्यायांनीं माझें नांव लिहून पुढें 'सपत्नीक, भावजयीसह' असें लिहावयास घेतलें. वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, नांवें लिहा. आम्हां दोघींचीं, माहेरचीं आणि सासरचींही." त्यांनीं कुरकुर न करितां लिहिलीं.

जवळच कनखलास आनंदमयी मातेची समाधि आहे. १८९६ सालीं पूर्व बंगालांत जन्मलेल्या आणि १९८२ सालीं देह ठेवलेल्या या बाईंविषयीं अनेक गोष्टी सांगतात. त्यांतील मला विशेष वाटलेली अशी कीं, त्यांच्या पतीनें त्यांच्याकडूनच दीक्षा घेतली होती. वहिनी तेथें पाऊण तास डोळे मिटून बसल्या. मी बाहेर चहा घेतला.

हृषीकेश आतां शांत राहिलेलें नाहीं. योगवर्गांच्या पाट्या, वातानुकूलित खोल्यांच्या जाहिराती आणि नदींत रबरी होड्या घेऊन ओरडणारीं तरुण मंडळी यांच्या गर्दींतून आश्रम शोधावा लागतो. १९६८ सालीं विलायती गवयांच्या वास्तव्यानें गाजलेल्या आश्रमाचे अवशेष तर तिकीट काढून पाहतात. आम्ही तिकडे गेलों नाहीं. पण शोधणाऱ्यास आश्रम सांपडतो. १८८० सालीं स्थापन झालेल्या कैलास आश्रमांत वेदान्ताचे पाठ परंपरेनें चालत आले आहेत. मलायांत डॉक्टरी करून १९२४ सालीं येथें आलेल्या स्वामी शिवानंदांनीं १९३६ सालीं दिव्य जीवन संघ स्थापिला. त्या आश्रमांत औषधोपचार आणि ग्रंथप्रकाशन हीं कामें भजनाइतक्याच निष्ठेनें चालतात. डॉक्टरानें संन्यास घेतला तरी नाडी पाहण्याची संवय जात नाहीं, हें मला फार आवडलें.

वहिनींचें लक्ष मात्र अन्नक्षेत्राकडे लागलें होतें. काळें घोंगडें पांघरण्यावरून 'काली कमलीवाले' या नांवानें प्रसिद्ध झालेल्या स्वामी विशुद्धानंदांनीं या मार्गावर साधूंसाठीं आणि यात्रेकरूंसाठीं सदावर्तें व धर्मशाळा उभ्या केल्या. ती व्यवस्था त्यांच्या मागें संस्थेनें चालविली. अकराच्या सुमारास घंटा झाली आणि भगवीं वस्त्रें नेसलेली रांग भांडीं घेऊन उभी राहिली. वहिनी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, संसार सोडून आले खरे, पण पोळी कोणाच्या तरी संसारांतलीच कीं." मग त्यांनीं एवढ्या माणसांना पीठ किती लागत असेल याचा हिशेब मांडला. तो मी येथें देत नाहीं, कारण क्षेत्रांतल्या माणसानें सांगितलेला आंकडा त्यांनीं मान्य केला नाहीं.

हृषीकेशाहून उत्तरकाशी चंबामार्गें सुमारें पावणेदोनशें किलोमीटर आहे. मोटारीनें एका दिवसाचें काम. पूर्वीं हीच वाट चट्टीचट्टीनें चालावी लागे. चट्टी म्हणजे वाटेवरचें मुक्कामाचें ठिकाण. दुकानदाराकडून शिधा घेतला कीं रात्रीचा आसरा आणि स्वयंपाकाचीं भांडीं फुकट मिळत. आमच्याकडे काशीयात्रेस निघणारा माणूस निरवानिरव करून निघे आणि सुखरूप परतला म्हणजे गंगापूजन करून मावंदें घाली, त्याचें कारण या वाटा पाहिल्यावर कळतें. आतां मोटार टिहरीच्या जलाशयाच्या कडेनें धांवते. २६० मीटर उंचीच्या धरणामागें २००५ पासून पाणी भरूं लागलें आणि जुनें टिहरी शहर त्यांत बुडालें. त्याच टिहरीजवळ १९०६ सालच्या दिवाळींत स्वामी रामतीर्थांचा नदींत अंत झाला. वय अवघें बत्तीस. लाहोरास गणिताचे प्राध्यापक असलेल्या या पुरुषाचीं व्याख्यानें आमच्या लहानपणीं प्रत्येक सुशिक्षित घरांत असत. त्यांना पत्नी होती, मुलें होतीं. मोटारींत मी हें सांगत होतों. वहिनींनीं विचारलें, "मग त्या बाईंचें काय झालें?" मला उत्तर देतां आलें नाहीं. रामतीर्थांचें चरित्र मीं दोनदां वाचलेलें आहे.

४ जूनला आम्ही गंगोत्रीस निघालों. गंगनाणीचे उष्ण झरे मागें टाकून वर चढतां चढतां हर्षीलजवळ दरी एकाएकीं रुंद होते. देवदार दोन्ही अंगांना दाटतात, आणि नदी वाळूच्या पात्रांतून इतकी संथ वाहते कीं हीच पुढें खडकांत गर्जना करणारी भागीरथी यावर विश्वास बसूं नये. धराली या गांवीं आम्ही राजमा आणि भात जेवलों. सफरचंदांच्या बागा, रस्त्याच्या कडेचीं नवीं उपाहारगृहें, आणि जमिनींत अर्धवट गाडलेलें कल्पकेदाराचें जुनें दगडी देऊळ. वाढणाऱ्या मुलीनें वहिनींना आणखी एक वाटी भात आग्रहानें घातला होता. तिची आठवण पुढें निघेल.

गंगोत्री सुमारें दहा हजार फूट उंचीवर आहे. देऊळ गोरखा सेनापति अमरसिंह थापा यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बांधविलें. पुजारी मुखबा गांवचे सेमवाल ब्राह्मण. ५ जूनला ज्येष्ठ शुद्ध दशमी होती; पहाटे घाटावर गर्दी होती, पण पाणी इतकें गार कीं एका बुडीत सर्व संकल्प विसरावे. वहिनींनीं तीन तांबे डोक्यावर घेतले, एक आपल्यासाठीं, एक बंधूंसाठीं. तिसरा कोणासाठीं हें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं. गोमुख तेथून अठरा किलोमीटर वर. वनखात्याचा परवाना लागतो आणि रोजची संख्या मर्यादित असते. वहिनींच्या गुडघ्यांमुळें तो विषयच निघाला नाहीं.

पुजाऱ्यांनीं सांगितलेली एक गोष्ट त्यांना फार भावली. अक्षय्य तृतीयेस उघडलेलें देऊळ दिवाळीनंतर बंद होतें, आणि गंगेची मूर्ति पालखींत बसून मुखबा गांवीं जाते. हिंवाळाभर ती तेथें राहते. गांवचे लोक मुखब्याला गंगेचें माहेर म्हणतात. "म्हणजे देवीसुद्धां सहा महिने रजेवर असते," वहिनी म्हणाल्या. परतीच्या वाटेवर त्या फारसें बोलल्या नाहींत.

उत्तरकाशीस उजेली म्हणून नदीकांठचा भाग आहे. साधूंच्या कुट्या आणि आश्रम तेथें एकमेकांस लागून आहेत. मूळचे केरळचे, हिमालयाचीं वर्णनें लिहिणारे तपोवन महाराज येथेंच राहत आणि १९५७ सालीं येथेंच समाधिस्थ झाले. अशाच एका लहान आश्रमांत आम्ही उतरलों होतों. त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण पत्रांनीं त्यांना त्रास होईल. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, मग गीतापाठ, नऊला उपनिषदाचा पाठ, अकराला भिक्षा, दुपारीं मौन, सायंकाळीं आरती. तिसऱ्या दिवशीं पाठ संपल्यावर वहिनी परस्पर व्यवस्थापक ब्रह्मचाऱ्यांकडे गेल्या आणि कार्तिकीपर्यंत राहतां येईल का, असें त्यांनीं विचारलें. मी मागें उभा होतों.

ब्रह्मचारी म्हणाले, "माताजी, राहणाऱ्यास येथें सेवा करावी लागते. आपण काय कराल?"

वहिनी म्हणाल्या, "स्वयंपाक सोडून सांगाल तें."

ते प्रथम गोंधळले, मग मोठ्यानें हंसले. ग्रंथालयांतील पुस्तकांना वेष्टनें घालणें आणि पूजेचीं फुलें काढणें हीं कामें ठरलीं. प्रथम गुरुपौर्णिमेपर्यंत, प्रकृति मानवली तर पुढें.

त्या रात्रीं खोलींत आम्हां तिघांचें बोलणें बारापर्यंत चाललें. वय झालें, रक्तदाब आहे, हा भाग भूकंपाचा आहे, १९९१ सालीं याच उत्तरकाशीस केवढा अनर्थ झाला, पावसाळ्यांत दरडी कोसळतात, असे एकेक मुद्दे मीं मांडले. वहिनींनीं ते सर्व ऐकून घेतले आणि गोळ्यांची डबी उघडून चार महिन्यांचीं औषधें दाखविलीं. तीं घरूनच आणलेलीं होतीं! शेवटीं मीं मनांतलें बोललों. घरांतून म्हातारीला बाहेर काढली असें लोक म्हणतील.

"लोकांना सांगा, रजेवर गेली आहे," त्या म्हणाल्या. मग थोडें थांबून, "भाऊजी, ह्यांच्यामागें नऊ वर्षें मी राहिलें तीं कोणी राहा म्हणालें म्हणून नव्हे. कामें होतीं. आतां करायला माणसें आहेत. अकरावीला मला संस्कृतांत बाहत्तर गुण होते. पुढें तें पुस्तक उघडायला वेळच झाला नाहीं."

बावन्न वर्षांत हे बाहत्तर गुण आमच्या घरांत कोणाच्या कानीं आले नव्हते. माझी पत्नी तेवढी गप्प होती. दिवा मालवतांना ती म्हणाली, "राहूं द्या त्यांना. मसाल्याचें मी बघतें."

आम्ही दोघेंच घरीं आलों तेव्हां काय झालें हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. वहिनींचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आठ दिवस माझ्याशीं मोजकेंच बोलला. संस्कृत शिकायचें तर घरबसल्या संगणकावर शिकतां येतें, असें त्यानें आईस कळविलें. तिचें उत्तर आलें कीं, घरीं खोलीचें दार सदा उघडें असतें. नात्यांतील एका वयोवृद्ध गृहस्थांनीं तर पतीवांचून स्त्रीला वानप्रस्थ सांगितलेलाच नाहीं असा निर्णय दिला. शास्त्राचा शब्द मीही मानतों, पण परंपरा एकाच ग्रंथांत कोंडलेली नाहीं. समर्थांनीं बालविधवा वेणाबाईंस मिरजेच्या मठाचा अधिकार दिला. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला तेव्हां त्यानें मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघींत संपत्ति वांटावयास घेतली, आणि मैत्रेयीनें वांटणीऐवजीं ज्ञान मागितलें. १९५४ सालीं स्थापन झालेल्या श्रीसारदा मठांत तर संन्यासिनी आपला कारभार आपण पाहतात. राहून राहून मला कात्यायनीचें वाटतें. तिला घरचें सगळें कळत होतें, एवढेंच बृहदारण्यकांत आहे. पति गेल्यावर ती त्या घरांत काय करीत बसली, याविषयीं उपनिषद एक अक्षर बोलत नाहीं.

मावंदें मात्र अडलें. गंगेचा गडू देव्हाऱ्यांत होता, पण तिघांपैकीं वडील माणूस यात्रेंतच, तर यात्रा पुरी झाली असें कसें म्हणावें? उपाध्येबोवांनीं थांबावयास सांगितलें.

तेवढ्यांत ५ ऑगस्ट उजाडला. त्या दिवशीं दुपारीं खीरगाड नांवाच्या ओढ्यानें वरून दगड आणि चिखल यांचा लोंढा आणला आणि कांहीं क्षणांत धरालीचा बाजार गाडला गेला. कल्पकेदाराचें देऊळही गेलें. घरांत सर्वजण तीं चित्रें पुन्हां पुन्हां पाहत होते आणि मी त्या चिखलांत आमच्या उपाहारगृहाची जागा शोधीत होतों. धराली उत्तरकाशीच्या वर पाऊणशें किलोमीटरवर आहे, हें सांगून कोणाचें समाधान होईना. सायंकाळीं वहिनींचाच फोन आला. त्या सुखरूप होत्या. पुतण्यानें विमानाचें तिकीट काढल्याचें सांगतांच त्यांनीं त्याला निक्षून सांगितलें, "रस्ता नीट होईपर्यंत तूं येऊं नकोस. येथें आधींच वाटा कमी आणि माणसें जास्त झालीं आहेत." मग मला म्हणाल्या, "भाऊजी, ती भात वाढणारी मुलगी." पुढें दोघांनाही बोलवेना. तिचें काय झालें तें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.

त्या दिवसांत वरून हेलिकॉप्टरनें मातलीस उतरविलेल्या लोकांसाठीं आश्रमांतून अन्न जात होतें. वहिनी आठ दिवस सकाळपासून पोळ्या लाटीत होत्या. हें त्यांनीं कळविलें नाहीं, ब्रह्मचाऱ्यांकडून समजलें. नवव्या दिवशीं त्या पुन्हां ग्रंथालयांत जाऊन बसल्या.

घरीं दोन्ही सुनांनीं मसाल्याचें प्रमाण फोनवर दोनदां विचारलें. तिसऱ्या खेपेस वहिनींनीं वही आणि लेखणी घेऊन बसावयास सांगितलें आणि सर्व प्रमाणें वजनांत सांगून लिहवून घेतलीं. त्या वर्षीं भाद्रपदांतला मसाला किंचित् तिखट झाला. कोणी कांहीं बोललें नाहीं.

ज्यांच्या घरीं असा विचार घोळत असेल त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें. आश्रमास आगाऊ पत्र लिहून विचारावें. बहुतेक ठिकाणीं नवख्या माणसास थोडेच दिवस राहूं देतात आणि तें योग्यच आहे. प्रथम एकट्या माणसास पाठवूं नये, कोणी तरी बरोबर जाऊन जागा, दवाखाना आणि स्नानगृहाच्या पायऱ्या डोळ्यांनीं पाहाव्या. फार गोड बोलणाऱ्या आणि देणगीचा विषय पहिल्याच दिवशीं काढणाऱ्या आश्रमांतून सामान उचलून निघावें. आणि पावसाळ्याचा धोका हा कल्पनेंतला नव्हे, हें धरालीनें दाखविलेंच आहे. तो स्वीकारावयाचा कीं नाहीं हें ज्यास जावयाचें आहे त्यानें ठरवावें, मुलांनीं फक्त माहिती पुरवावी.

कार्तिकी झाल्यावर पुतण्या जाऊन वहिनींना घेऊन आला. येतांना मायलेकरें हरिद्वारास उतरलीं, आणि वहींत पुतण्यानें आपल्या हातानें आईचें नांव पुन्हां एकदां लिहिलें म्हणतात. वहिनींचा शब्दरूपावलीचा अभ्यास बराच पुढें गेला होता. ईशावास्याचे मंत्र त्या अर्थासह सांगत, मात्र धातूंनीं त्यांना फार छळलें होतें. मार्गशीर्षांत मावंदें झालें. साठ पानें होतीं. स्वयंपाक सुनांनीं आणि माझ्या पत्नीनें केला, वहिनी पहिल्या पंक्तीस बसल्या, आणि आमटी चाखून त्यांनीं धाकट्या सुनेस हळूच सांगितलें, "धने थोडे वाढव." माडीवरची पूर्वेकडची खोली त्यांना दिली आहे, दाराला आंतून कडी बसविली. पुढच्या चातुर्मासासाठीं आश्रमास पत्र टाकावयाचें होतें, तें त्यांनीं माझ्याकडून शुद्ध हिंदींत लिहवून घेतलें, आणि सही मात्र देवनागरींत, माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही नांवांनीं केली.